चुंबक चालू केला की प्रोबचा इलेक्ट्रॉन करंट का कोसळतो?

नागपुरात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. तिच्याकडे साधारण एक मीटर लांबीचा दंडगोल चेंबर आहे, त्यात तापलेल्या फिलामेंटवर चालणारा आरगॉनचा डिस्चार्ज आहे, दाब १ मिलीटॉर आणि बाहेरून कॉइल. प्रोब म्हणजे प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूत, बुडवून व्होल्टेज बदलत करंट मोजायची तार. तिची तार ०.५ मिलिमीटर जाडीची, टंगस्टनची, ५ मिलिमीटर उघडी, चुंबकीय क्षेत्राला आडवी धरलेली. कॉइल बंद असताना इलेक्ट्रॉन बाजूचा (तार धन ठेवल्यावरचा) करंट आयन बाजूच्या (तार ऋण ठेवल्यावरच्या) करंटच्या जवळपास १८० पट येतो. क्षेत्र १००० गॉसपर्यंत चढवलं की हे गुणोत्तर १५ वर उतरतं, करंट-व्होल्टेजचा वक्र कुठे सपाटही होत नाही, आणि इलेक्ट्रॉन बाजूने काढलेली घनता आयन बाजूच्या घनतेपेक्षा दहा-बारा पट कमी निघते. तिचं विचारणं असं: दोन घनतांपैकी खरी कोणती, आणि प्रोब बिघडला आहे का?

तिला माझं उत्तर असं: प्रोब बिघडलेला नाही. घनता आयन बाजूने काढा, तीही थोडी जपून. ते पुढे सांगतो. पण इलेक्ट्रॉन बाजूचा आकडा चुकीचा म्हणून फेकून देऊ नका. तो घनतेबद्दल बोलत नाहीये, एवढंच. क्षेत्ररेषांना आडवे ओलांडून इलेक्ट्रॉन किती जलद सरकतात, ही माहिती तो देतो आहे, आणि ती माहिती दुसऱ्या कुठल्या स्वस्त साधनाने मिळत नाही.

आधी क्षेत्राविना काय होतं ते पाहू, म्हणजे पुढे कुठे काय बदललं ते कळेल. मॉट-स्मिथ आणि लँगम्युअर यांनी १९२६ मध्ये मांडलेलं चित्र असं: प्लाझ्मात बुडवलेल्या धातूच्या तुकड्याभोवती एक पातळ थर तयार होतो, त्याला शीथ म्हणतात. शीथच्या बाहेर प्लाझ्मा जवळजवळ अबाधित असतो. प्रोब इलेक्ट्रॉनांना ओढू लागला तरी बाहेरचे इलेक्ट्रॉन इतके चपळ असतात, आणि चहूकडून येत असतात, की गेलेल्यांची जागा लगेच भरून निघते. त्यामुळे प्रोबला मिळणारा करंट फक्त दोन गोष्टींवर ठरतो: शीथच्या कडेवर येऊन धडकणारा इलेक्ट्रॉनांचा स्वाभाविक ओघ आणि प्रोबचं क्षेत्रफळ.

तुमच्या प्रोबचे आकडे घालून बघू. इलेक्ट्रॉनांचं तापमान ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि घनता दर घनसेंटिमीटरला १,००० कोटी धरतो; अशा डिस्चार्जमध्ये हे नेहमीचे आकडे आहेत. इलेक्ट्रॉनांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १,१६० किलोमीटर येतो, आणि त्यावरून यादृच्छिक ओघ चौरस मीटरला सुमारे ४६० अँपिअर. तारेचं उघडं क्षेत्रफळ ७.९ चौरस मिलिमीटर, म्हणजे करंट ३.६ मिलिअँपिअर. आयनांचं गणित वेगळं. ते थंड आणि जड, पण शीथच्या कडेला पोहोचेपर्यंत त्यांना आयनध्वनिवेग गाठावाच लागतो. ही डेव्हिड बोमची अट. आरगॉनसाठी हा वेग सेकंदाला २.७ किलोमीटर. घनता, विद्युतभार, हा वेग आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराला ०.६१ ने गुणलं की २० मायक्रोअँपिअर येतात. ३.६ मिलिअँपिअरला २० मायक्रोअँपिअरने भागा. तुमचे १८० तिथेच आहेत.

आता क्षेत्र लावू. १००० गॉसमध्ये ३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची लार्मोर त्रिज्या, म्हणजे क्षेत्ररेषेभोवतीच्या फेऱ्याची त्रिज्या, ०.०४ मिलिमीटर असते. तारेची त्रिज्या ०.२५ मिलिमीटर, आणि शीथची जाडी ज्या मापात मोजतात ती डिबाय लांबी ०.१३ मिलिमीटर. म्हणजे इलेक्ट्रॉन आता तारेपेक्षाही बारीक आणि शीथपेक्षाही बारीक फेरे घेत क्षेत्ररेषेवर धावतो. रेषेच्या दिशेने तो पूर्वीइतकाच मोकळा आहे. आडव्या दिशेने मात्र त्याला कुणाला तरी धडकल्याशिवाय, किंवा प्लाझ्मातल्या विद्युतक्षेत्राच्या चढउतारांनी ढकलल्याशिवाय, सरकता येत नाही.

आयनांचं तसं नाही. ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आरगॉन आयनाची लार्मोर त्रिज्या याच क्षेत्रात २ मिलिमीटर असते, आणि शीथकडे ध्वनिवेगाने येणाऱ्या आयनाची तर ११ मिलिमीटर. तारेच्या मानाने हे वळण एवढं मोठं आहे की आयनाच्या दृष्टीने क्षेत्र जणू नाहीच. तो कुठल्याही बाजूने तारेवर येऊ शकतो. म्हणून तुमचा आयन करंट फारसा हलत नाही. एकाच प्रोबच्या एकाच वक्रात अर्धा भाग चुंबकीय भौतिकीचा असतो आणि अर्धा बिनचुंबकीय भौतिकीचा. ही गोष्ट पक्की समजली की बाकीचं आपोआप सुटत जातं.

तर इलेक्ट्रॉन प्रोबवर येतात ते फक्त प्रोबला स्पर्श करणाऱ्या क्षेत्ररेषांवरून. या रेषांचा जुडगा म्हणजे प्रोबची फ्लक्स ट्यूब. तुमच्या बाबतीत ती ५ मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड आणि चेंबरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली पट्टी आहे. इलेक्ट्रॉनला ही एक मीटर वाट कापायला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. बायस, म्हणजे प्रोबला दिलेलं व्होल्टेज, धन केला की ट्यूबमधले इलेक्ट्रॉन तेवढ्या वेळात प्रोबवर येऊन संपतात. नंतर काय? नंतर प्रोबला तेवढंच मिळतं जेवढं बाजूच्या रेषांवरून आडवं झिरपून ट्यूबमध्ये येतं. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीला मोठी मोटर लावली तर सुरुवातीला मोटरच्या ताकदीने पाणी येतं, आणि विहीर तळाला गेली की झऱ्यांच्या ताकदीने. मोटर आणखी मोठी आणली तरी झरे वाढत नाहीत.

यावरून तुमच्या दोन तक्रारींचा उलगडा होतो. करंट कोसळला, कारण तो आता यादृच्छिक ओघाने ठरत नाही, आडव्या झिरपण्याने ठरतो. आणि वक्र सपाट होत नाही, कारण बायस वाढवला की ट्यूबचं पोटेन्शिअल वर चढतं, शीथ फुगते, आसपासच्या आणखी रेषा प्रोबच्या कह्यात येतात. पुरवठ्याला ठरीव काठ नाही, म्हणून सॅच्युरेशनला, म्हणजे करंट स्थिरावण्यालाही, नाही. अशा वक्रावर दोन सरळ रेषा ओढून छेदबिंदूला इलेक्ट्रॉन सॅच्युरेशन म्हणायची सवय सोडा. त्या बिंदूला इथे काही अर्थ नाही.

आता झिरपण्याचा वेग. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रबंधाला खरी किंमत इथे येऊ शकते.

आडव्या विसरणाचे दोन टोकाचे अंदाज आहेत. पहिला क्लासिकल: इलेक्ट्रॉन आरगॉनच्या अणूला धडकतो आणि प्रत्येक धडकेला साधारण एक लार्मोर त्रिज्या सरकतो. १ मिलीटॉरला इलेक्ट्रॉनचा मुक्तपथ अर्ध्या मीटरच्या थोडा वर, म्हणजे सेकंदाला पंधरा-वीस लाख धडका. लार्मोर त्रिज्येच्या वर्गाने गुणलं की विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ०.००३ चौरस मीटर येतो. दुसरा अंदाज बोमचा: इलेक्ट्रॉन तापमान व्होल्टमध्ये घ्या, टेस्लातल्या क्षेत्राने भागा, आणखी १६ ने भागा. ३ व्होल्ट आणि ०.१ टेस्लासाठी सेकंदाला १.९ चौरस मीटर. दोन्हींत सहाशे पटीहून जास्त अंतर आहे. शीथची अट, हे विसरण आणि चुंबकीय क्षेत्रातल्या प्रोबचं पहिलं विश्लेषण, या तिन्ही गोष्टी बोम आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या एकाच कामातून आल्या. दुसऱ्या महायुद्धात बर्कलेला युरेनियमची समस्थानिकं विद्युतचुंबकाने वेगळी करण्यासाठी जे आर्क वापरले जात, त्यांच्या अभ्यासात हे काम झालं आणि १९४९ मध्ये छापलं गेलं. प्रोब आणि आडवं विसरण हे विषय आपण आज वेगवेगळे शिकवतो. ते जन्माने एकत्र आहेत.

आता हे दोन्ही गुणांक तुमच्या ट्यूबला लावू. लांब पट्टीकडे चहूबाजूंनी विसरणाने येणारा करंट साधारण असा: घनता, विद्युतभार, विसरण गुणांक आणि ट्यूबची लांबी यांचा गुणाकार, आणि त्याला भूमितीतून येणारा, लॉगरिदममुळे फारसा न बदलणारा एक गुणक, तुमच्या चेंबरसाठी तो दीड-दोनच्या दरम्यान आहे. क्लासिकल गुणांक घातला तर उत्तर ८ मायक्रोअँपिअर येतं. म्हणजे आयन करंटपेक्षाही कमी! बोमचा गुणांक घातला तर ५ मिलिअँपिअर. ट्यूबच्या दोन्ही टोकांकडून प्रोबला मिळू शकणारा जास्तीत जास्त ओघच मुळी २.३ मिलिअँपिअर आहे, कारण आता तारेचं पूर्ण क्षेत्रफळ नव्हे, तर रेषांच्या दिशेने दिसणारी दोन्ही बाजूंची सावली, म्हणजे ५ चौरस मिलिमीटर, मोजायची. थोडक्यात, बोमच्या वेगाने झिरपलं असतं तर पुरवठा जवळपास पुरला असता आणि तुमचं गुणोत्तर ८० च्या पुढे राहिलं असतं.

तुम्हाला मिळाले १५ पट, म्हणजे सुमारे ३०० मायक्रोअँपिअर. हा आकडा दोन टोकांच्या मधोमध बसतो. त्यातून निघणारा विसरण गुणांक ०.१ चौरस मीटर प्रति सेकंदाच्या आसपास आहे: क्लासिकलच्या पंचवीस-चाळीस पट, बोमच्या पंधरा-वीसाव्या हिश्शाइतका. मला हा आकडा विश्वासार्ह वाटतो. अशा शांत फिलामेंट डिस्चार्जमध्ये थोडे चढउतार असतात, पण पूर्ण खवळलेला प्लाझ्मा नसतो. हिशोब ढोबळ आहे हे मात्र लक्षात असू द्या. ट्यूबच्या आत होणारं आयनीभवन यात धरलेलं नाही, इलेक्ट्रॉन ओढले गेल्यावर ट्यूबमध्ये उभं राहणारं विद्युतक्षेत्रही नाही. दोन-तीन पटींचा फरक सहज पडेल. पण सहाशे पटींच्या पट्ट्यात दोन-तीन पटींनी जागा सांगता येणं ही छोटी गोष्ट नाही.

मात्र हा निष्कर्ष लिहिण्याआधी एक शंका फेडलीच पाहिजे, आणि छोट्या चेंबरांमध्ये बहुतेक जण तिच्याकडे बघतच नाहीत. प्रोबने इलेक्ट्रॉन घेतले, तर तेवढाच करंट प्लाझ्मातून दुसरीकडे कुठेतरी बाहेर पडायला हवा. नाहीतर सर्किट पूर्ण होत नाही. क्षेत्राविना ही काळजी नसते, चेंबरची सगळी भिंत संदर्भ इलेक्ट्रोड असते. क्षेत्र असताना प्रोबच्या ट्यूबचा भिंतीशी सरळ संबंध फक्त दोन टोकांना येतो. तिथे काच असेल, किंवा अधांतरी ठेवलेली प्लेट असेल, तर ट्यूबला धरायला काहीच उरत नाही. तुम्ही प्रोब वर नेता तशी ट्यूबही मागोमाग वर जाते, आणि तुमचा एकेरी प्रोब नकळत असमान दुहेरी प्रोबसारखा (दोन लहानमोठे इलेक्ट्रोड एकमेकांविरुद्ध जोडल्यासारखा) वागायला लागतो. त्याचाही वक्र खालच्या गुणोत्तराचा आणि कुठेच नीट न बसणारा दिसतो. नुसत्या वक्राकडे बघून दोन्ही कारणं वेगळी करता येत नाहीत.

त्यासाठी दोन तपासण्या करा. टोकांच्या प्लेटा एकदा अर्थ करून आणि एकदा मोकळ्या ठेवून वक्र घ्या. इलेक्ट्रॉन बाजू दोन्ही वेळा सारखी आली तर परतीचा मार्ग हे कारण नाही. दुसरी तपासणी जाडीची. हिंगणा रोडकडच्या वेल्डिंग सामानाच्या दुकानात टिग वेल्डिंगच्या टंगस्टन काड्या मिळतात, १.६ मिलिमीटरची घ्या, हिरव्या टोकाची, ती शुद्ध टंगस्टनची असते. लाल टोकाची नको, तिच्यात थोरियम असतं आणि घासताना ती धूळ नाकात जायला नको. या काडीचा, तेवढाच ५ मिलिमीटर उघडा, प्रोब बनवा. इलेक्ट्रॉन करंट यादृच्छिक ओघाने ठरत असेल तर तो तिपटीहून वाढेल. झिरपण्याने ठरत असेल तर जेमतेम वाढेल, कारण पट्टीची रुंदी तीच, फक्त जाडी बदलली. आयन करंट मात्र दोन्ही परिस्थितींत बराच वाढेल. म्हणजे जाड प्रोबला गुणोत्तर आणखी खाली आलं, तर पुरवठ्याचाच प्रश्न आहे हे हातात आलं.

तापमानाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इथे सगळ्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं म्हणून सांगतो. आयनांचा भाग वजा करून लॉगरिदमवर सरळ रेषा बसवायची, ही नेहमीची पद्धत. तिचा आधार असा की ऋण बायसवर प्रोब थोडेच इलेक्ट्रॉन खातो, बाकीचे परतवतो, म्हणून ट्यूब रिकामी होत नाही आणि इलेक्ट्रॉनांच्या वेगांचं वितरण मॅक्सवेलचंच राहतं. फ्लोटिंग पोटेन्शिअलच्या, म्हणजे जिथे प्रोबचा एकूण करंट शून्य असतो त्या व्होल्टेजच्या, आसपास हे खरं आहे. जसजसे वर जाल तसतशी ट्यूब रिती होऊ लागते आणि रेषा वेळेआधीच वाकते. शीथचा अडथळा आणि झिरपण्याचा अडथळा एकामागोमाग जोडलेले धरले, तर तुमच्या प्रोबसाठी हिशोब असा येतो: फ्लोटिंगच्या ३ व्होल्ट वर स्थानिक उतारावरून निघणारं तापमान पंधरा टक्क्यांहून थोडं जास्त येतं, ६ व्होल्ट वर सुमारे ४५ टक्के जास्त. वक्राचं दिसणारं वळण तर खऱ्या प्लाझ्मा पोटेन्शिअलच्या, म्हणजे प्लाझ्माच्या स्वतःच्या व्होल्टेजच्या, सुमारे ६-७ व्होल्ट आधीच येतं. म्हणून तापमानासाठी फ्लोटिंगच्या फार वर चढू नका, आणि वळणाला प्लाझ्मा पोटेन्शिअल म्हणू नका.

मग प्लाझ्मा पोटेन्शिअल कुठून आणायचं? तापवून इलेक्ट्रॉन सोडणारा उत्सर्जक प्रोब हा एक मार्ग. दुसरा मला फार आवडतो: प्रागच्या कास्टोर टोकामॅकवर (टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने बांधून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र) तयार झालेला बॉल-पेन प्रोब. सिरॅमिक नळीच्या थोडा आत धातूचा कलेक्टर ओढून घेतात. बारीक फेरे घेणारे इलेक्ट्रॉन रेषेवरूनच नळीच्या तोंडावरून पुढे निघून जातात, मोठ्या वळणाचे आयन आत पोहोचतात. आत-बाहेर करत दोन्ही करंट सारखे केले की तो प्रोब जवळजवळ प्लाझ्मा पोटेन्शिअलवरच तरंगतो. ज्या लार्मोर त्रिज्येने तुमचा वक्र बिघडवला, तिलाच इथे कामाला लावलं आहे. पण तुमच्या क्षेत्रात आयनांचं वळण मिलिमीटरांत आहे, तेव्हा नळीचा व्यास त्या मानाने मोठा ठेवावा लागेल.

इलेक्ट्रॉनांचं ऊर्जा वितरण हवं असेल तर आणखी एक बदल ध्यानात घ्या. ड्रायव्हेस्टीनने १९३० मध्ये दाखवलं की वक्राचा दुसरा अवकलज वितरणाच्या प्रमाणात असतो. झिरपण्याने मर्यादित झालेल्या प्रोबला हे लागू पडत नाही; तिथे पहिला अवकलज वितरणाच्या प्रमाणात येतो. बल्गेरियातल्या सोफियाच्या गटाने टोकामॅकच्या कडेवर ही पद्धत बरीच वापरली आहे. दुसरा अवकलज यांत्रिकपणे काढून देणारं सॉफ्टवेअर क्षेत्रात वापरलं तर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन गायब झाल्यासारखे दिसतात, आणि मग त्यांच्या अभावाची कारणं शोधण्यात महिने जातात.

आता आयन बाजू जपून वापरा म्हटलं, त्याबद्दल. तुमच्या तारेची त्रिज्या डिबाय लांबीच्या फक्त दुप्पट आहे. ०.६१ चं सूत्र पातळ शीथसाठी आहे; तुमची शीथ पातळ नाही, ऋण बायस वाढवाल तशी ती फुगेल आणि आयन करंट चढत राहील. लाफ्रामबॉइज यांनी १९६६ मध्ये मोजून दिलेले वक्र अशाच मधल्या अवस्थेसाठी आहेत, ते वापरा, किंवा आयन करंटची रेषा फ्लोटिंगपर्यंत मागे ओढून तिथला आकडा घ्या. सूत्रात खोल ऋण बायसचा करंट तसाच घातला तर घनता दीड-दोन पट फुगते. शक्य असेल तर गार्ड रिंग (कडेचा परिणाम झेलणारं, त्याच व्होल्टेजवरचं कडं) असलेला सपाट प्रोब बनवा, ही कटकट जवळपास संपते. दुसरं, फिलामेंटमधून निघणारे जलद प्राथमिक इलेक्ट्रॉनही क्षेत्ररेषांना बांधलेले असतात. प्रोब फिलामेंटच्याच रेषेवर असेल तर ते आयन करंटमधून वजा होत राहतात, आणि बायस फिलामेंटपेक्षा ऋण होईपर्यंत तुम्हाला खोटा कमी आयन करंट दिसतो. प्रोब त्रिज्येच्या दिशेने सरकवून बघा. एका अरुंद पट्ट्यातच आयन करंट दबलेला दिसला तर ती फिलामेंटची सावली समजा.

क्षेत्र आणखी वाढलं की आयनांचीही सुटका नाही. याची दोन टोकं एकाच संस्थेत बघायला मिळतात: गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत. तिथल्या लार्ज व्हॉल्यूम प्लाझ्मा डिव्हाइसमध्ये क्षेत्र फक्त ६.२ गॉस असतं. २ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची लार्मोर त्रिज्या तिथे ५ मिलिमीटर, म्हणजे बारीक प्रोबला क्षेत्र जाणवतच नाही आणि लँगम्युअरचं जुनं सूत्र चालतं. त्याच आवारात आदित्य टोकामॅक, १९८९ पासूनचा, आता आदित्य-यू. एक टेस्लाच्या क्षेत्रात २० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची त्रिज्या ०.०१ मिलिमीटर आणि हायड्रोजन आयनाची अर्धा मिलिमीटरही नाही. तिथे आयनसुद्धा रेषेवरूनच येतात. मग पूर्ण क्षेत्रफळाऐवजी सावलीचं क्षेत्रफळ घ्यावं लागतं, आणि ०.६१ चा गुणक खाली येतो: ट्यूबभर वस्तुमान आणि संवेग यांचा साधा हिशोब मांडला तर ०.५, आणि हचिन्सनने दाखवल्याप्रमाणे आडवी चिकटताही धरली तर ०.३५. त्याच विश्लेषणातून माक प्रोब वाचता येतो: रेषेच्या दोन बाजूंना तोंड केलेल्या दोन प्रोबच्या आयन करंटचं गुणोत्तर घ्या, त्याचा लॉगरिदम ०.४१ ने गुणा, प्लाझ्माच्या प्रवाहाचा माक अंक, म्हणजे प्रवाहाचा वेग ध्वनिवेगाच्या किती पट ते, मिळतो. अशा क्षेत्रात इलेक्ट्रॉन बाजूच्या करंटवरून घनता काढायला कुणी जातच नाही. फ्लोटिंगपर्यंतचा वक्र घेतात, तीन अज्ञातांचं सूत्र बसवतात आणि थांबतात. नागपूरहून अहमदाबादला थेट गाड्या आहेत. जमल्यास ही दोन्ही यंत्रं एकदा डोळ्यांनी पाहून या. आपल्या वक्राची जागा या दोहोंच्या मध्ये कुठे पडते, ते तिथे उभं राहिलं की पटकन कळतं.

तुमच्या मोजमापात क्षेत्र हाच मुख्य बदलता घटक आहे, म्हणून कॉइलबद्दल एक सूचना. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असते आणि कॉइल तासाभरात आणखी ४० अंशांनी तापते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो; ४० अंशांना तो १५-१६ टक्के झाला. सप्लाय स्थिर व्होल्टेजवर चालवत असाल तर तुमचे सकाळचे १००० गॉस दुपारी ८७० च्या आसपास असतील. सप्लाय स्थिर करंटवर ठेवा आणि शक्य तेव्हा गॉसमीटरने पडताळा.

पुढचं काम असं करा. क्षेत्र १०० गॉसपासून १००० गॉसपर्यंत टप्प्याटप्प्याने चढवा. १०० गॉसला इलेक्ट्रॉनची लार्मोर त्रिज्या ०.४ मिलिमीटर आहे, तारेच्या त्रिज्येपेक्षा मोठी, म्हणून तिथे गुणोत्तर अजून बरंच वर असेल. प्रत्येक टप्प्यावर नुसता इलेक्ट्रॉन करंट नोंदवू नका. क्षेत्र वाढलं की प्लाझ्मा जास्त टिकतो, घनता स्वतःच बदलते, आणि नुसत्या करंटमध्ये दोन्ही परिणाम मिसळतात. इलेक्ट्रॉन आणि आयन करंटचं गुणोत्तर नोंदवा, त्यातून घनता छाटली जाते. इलेक्ट्रॉन करंट मात्र दर वेळी एकाच ठरलेल्या जागी वाचा, म्हणजे फ्लोटिंगच्या वर तापमानाच्या ठरावीक पटीत, कारण सॅच्युरेशन नावाची जागा नाही. मग गुणोत्तर आणि क्षेत्र यांचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेऊन काढा. ट्यूब पूर्ण रिती होत असलेल्या भागात, म्हणजे वरच्या काही टप्प्यांत, विसरण बोमसारखं असेल तर उतार उणे एकच्या जवळ येईल, क्लासिकल असेल तर उणे दोनच्या जवळ. सुरुवातीच्या, १००-२०० गॉसच्या बिंदूंना या रेषेत ओढू नका. तिथे ट्यूब अजून भरलेली असते. हा आलेख अर्थ केलेल्या आणि मोकळ्या प्लेटांसाठी वेगवेगळा काढा, आणि दोन्ही प्रोबांसाठी. प्रबंधात घनतेच्या स्तंभात आयन बाजूचे आकडे द्या, लाफ्रामबॉइजच्या दुरुस्तीसह, आणि हा उतार स्वतंत्र प्रकरणात मांडा.